परीक्षा आधी की साकुरा आधी?

प्रश्न : आम्ही तिघं भावंडं आपापल्या कुटुंबांसह येत्या वसंतात जपानला जायचं म्हणतोय. एकूण अकरा जण. धाकटा चार वर्षांचा, मुलांत थोरली तेरा वर्षांची आणि आमची आई एकाहत्तरची. मुलांना साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायचाच आहे. घोडं अडलंय ते शाळांवर. माझी मुलं राज्य मंडळाच्या शाळेत, भावाची सीबीएसईत. नेमकं कधी जावं? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : एका घरात दोन बोर्डं म्हटल्यावर भांडण ठरलेलंच. बिचाऱ्या जपानचा त्यात काही दोष नाही.

टोकियोत साकुरा साधारण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फुलू लागतो. क्योटो-ओसाकाही त्याच सुमारास किंवा थोडं मागून. पहिली फुलं उमलल्यापासून झाड पूर्ण बहरायला आठवडाभर लागतो आणि पुढच्या आठवड्याभरात ते रिकामं होतं. मधे एखादी रात्र वाऱ्यापावसाची आली, तर तेवढंही नाही. त्यात हवामान तापतंय. क्योटोतल्या बहराच्या नोंदी जुन्या रोजनिशांमधून बाराशे वर्षं मागे नेता येतात, आणि २०२१ साली २६ मार्चला आलेला पूर्ण बहर हा तोवरच्या त्या सगळ्या नोंदींत सर्वांत लवकरचा होता. त्यामुळे सहा महिने आधी अकरा तिकिटं काढून ‘या तारखेला फुलं असतीलच’ असं धरून चालणं म्हणजे जुगार आहे.

मार्चअखेरीचा काळ सीबीएसईवाल्यांना सोयीचा, पण तुमच्या मुलांच्या परीक्षा एप्रिलमध्ये. शिवाय त्याच दिवसांत जपानी शाळांनाही सुट्टी असते. तिथलं शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्याआधीची ही वासंतिक सुट्टी. बागा, किल्ले, मनोरंजन पार्क भरलेले आणि हॉटेलांचे दर चढलेले.

माझं मत विचाराल तर राज्य मंडळाच्या परीक्षा होऊ द्या आणि साकुरा जिथे पोचला असेल तिथे तुम्ही जा. बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो. उत्तरेकडच्या हिरोसाकीच्या किल्ल्यातली झाडं प्रसिद्ध आहेत. हा सफरचंदांचा मुलूख, तेव्हा सफरचंदांच्या छाटणीचं ज्ञान तिथल्या माळ्यांनी चेरीवरही वापरलं आणि फांद्या फुलांनी लगडतात. पण अलीकडे तिथला बहर एप्रिलच्या मध्यालाच येतो, म्हणजे तुम्हाला तो हुकण्याचीच शक्यता जास्त. त्याहून वर, होक्काइडो बेटावरच्या हाकोदातेला एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला फुलं असतात. तिथला गोर्योकाकू हा पंचकोनी चांदणीच्या आकाराचा किल्ला आहे. शेजारच्या मनोऱ्यावर चढलं की अख्खी चांदणी खाली गुलाबी दिसते. टोकियोहून शिंकान्सेन या बुलेट ट्रेननं चार तासांच्या आसपास, आणि वाटेत जवळजवळ ५४ किलोमीटरचा सेइकान बोगदा समुद्राखालून जातो. चार वर्षांच्या मुलाला फुलांपेक्षा हा बोगदाच जास्त आवडेल, याची तयारी ठेवा.

फक्त २९ एप्रिल ते ५ मे हा ‘गोल्डन वीक’ सांभाळा. जवळजवळ आलेल्या सरकारी सुट्ट्यांमुळे त्या आठवड्यात सगळा जपान घराबाहेर असतो. शेवटचा पेपर झाला की लगेच निघा, हाकोदाते आधी उरका आणि गर्दीचे दिवस एकाच गावी मुक्काम ठोकून काढा. भावाच्या मुलांची शाळा थोडी बुडेल. सत्राची सुरुवात असते, आभाळ कोसळणार नाही. आणि थंडीचे कपडे न्या. हाकोदातेच्या एप्रिलमधल्या संध्याकाळी डोंबिवलीच्या माणसाला जानेवारीतल्या महाबळेश्वरहून थंड वाटतात.

प्रश्न : सगळी झाडं एकदम कशी फुलतात? त्यांना कोण सांगतं? – (याच पत्रासोबतच्या वेगळ्या चिठ्ठीतून, वय वर्षं नऊ)

उत्तर : सगळ्यांत चांगला प्रश्न तुझा आहे, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो.

जपानात जी साकुराची झाडं तू फोटोत पाहतेस, त्यांतली बहुतेक ‘सोमेइ योशिनो’ या एकाच जातीची असतात. टोकियोचं नाव एडो होतं, त्या काळाच्या अखेरीस एडोजवळच्या सोमेइ नावाच्या गावात माळ्यांची वस्ती होती. तिथून ही जात पसरली. या झाडाचं बी लावलं, तर येणारं झाड आईसारखं निघत नाही. म्हणून माळी फांदी कापून दुसऱ्या रोपावर कलम करतात, आपल्याकडे हापूसचं करतात तसं. म्हणजे टोकियोतलं झाड, क्योटोतलं झाड आणि हाकोदातेतलं झाड ही खरं तर एकाच झाडाची तुकड्या-तुकड्यांनी वाढलेली शरीरं आहेत. त्यांचा स्वभाव सारखा, म्हणून एका गावातली, एकच हवा खाणारी झाडं एकाच वेळी फुलतात.

आता त्यांना कोण सांगतं? आधी थंडी, मग ऊब. कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात आणि झोपी जातात. हिवाळ्यात पुरेशी थंडी पडली की त्यांची झोप मोडते, आणि नंतर ऊब वाढत गेली की त्या फुगायला लागतात. थंडीच नीट पडली नाही, तर कळ्या पेंगतच राहतात. म्हणून हिवाळा फारच उबदार गेला, तर दक्षिणेकडचा साकुरा कधीकधी उलट उशिरा फुलतो.

टोकियोचा बहर कधी येणार याचा एक ठोकताळा तिथले लोक वापरतात. १ फेब्रुवारीपासून रोजचं कमाल तापमान लिहीत जायचं आणि बेरीज करायची. बेरीज ६०० अंशांच्या आसपास आली की फुलं उमलतात. दर वर्षी बिनचूक जमत नाही, पण बरंच जवळ येतं. यंदा वहीत लिहून बघ. तुमच्यातल्या गणिताचा कंटाळा असणाऱ्या एखाद्यालाही या बेरजेला बसव.

अधिकृत घोषणा मात्र बेरजेवर होत नाही. टोकियोत यासुकुनी देवस्थानाच्या आवारात हवामान खात्यानं एक झाड ठरवून ठेवलंय. खात्याचा माणूस येऊन फुलं मोजतो. पाच-सहा फुलं उमललेली दिसली की बहर सुरू झाल्याचं जाहीर होतं. समोर टीव्हीचे कॅमेरे लावलेले असतात. पाच फुलं मोजणं ही सरकारी नोकरी असते, हे ऐकून तुला मोठेपणी काय व्हायचं ते कदाचित ठरवता येईल.

प्रश्न : रेल्वेचा पास काढावा का? अकरा जणांचं सामान आणि खोल्या यांचं काय करायचं?

उत्तर : पास डोळे मिटून काढू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये देशभर चालणाऱ्या जेआर पासचे दर वाढले आणि सात दिवसांचा पास २९,६५० येनांवरून ५०,००० येनांवर गेला. टोकियो ते क्योटो एका बाजूचं भाडं साधारण १४,००० येन. येऊन-जाऊन २८,००० झाले. म्हणजे नुसतं टोकियो-क्योटो-ओसाका करणाऱ्याला पास घाट्यातच जातो. उत्तरेला जाणार असाल तर त्या भागापुरते प्रादेशिक पास मिळतात, त्यांची तुलना सुट्या तिकिटांशी आधी कागदावर करा. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं भाडं. सहाच्या आतल्यांना मांडीवर घेतलं तर फुकट, पण मग त्यांना स्वतंत्र जागा नाही. चार तासांच्या प्रवासात चार वर्षांचं पोर मांडीवर ठेवणं हे मी कुणालाच सुचवणार नाही. अर्धं तिकीट काढा.

सामानाबाबत मात्र हात आखडता घेऊ नका. टोकाइदो-सान्यो मार्गाच्या शिंकान्सेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर तिच्यासाठीची ठरावीक जागा आधी आरक्षित करावी लागते. शिवाय मधल्या स्टेशनांवर गाडी फार तर एक-दोन मिनिटं थांबते. अकरा माणसं आणि त्यांच्या बॅगा एका दारातून चढवणं म्हणजे वरात चढवण्यासारखंच. त्यापेक्षा ‘ताक्क्युबिन’ वापरा. काळ्या मांजरीचं चिन्ह असलेली यामातो कंपनीची ही सेवा १९७६ पासून चालू आहे. हॉटेलच्या काउंटरवर बॅगा द्यायच्या, पुढच्या हॉटेलात बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी मिळतात. एका रात्रीचे कपडे पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवले की झालं.

खोल्या छोट्या, आणि दर पुष्कळ ठिकाणी खोलीमागे नाही तर माणशी असतो. तीन पलंगांच्या खोल्या दुर्मीळ. निदान एक रात्र तातामी चटयांवर गाद्या घालायच्या जुन्या पद्धतीच्या ‘र्योकान’मध्ये काढा. मुलं एका ओळीत झोपतील. आईंना जमिनीवरून उठताना त्रास होत असेल, तर त्यांच्यापुरती पलंगाची खोली आधीच मागून घ्या. आणि रोज अकराच्या अकरा जणांनी एकत्र फिरायचा अट्टहास सोडा. दुपारी तीन गट करा, संध्याकाळी भेटा. तिथल्या साध्या हॉटेलांत अकरा खुर्च्या एका टेबलाशी मिळतही नाहीत.

प्रश्न : आई शाकाहारी आहे, कांदा-लसूणही चातुर्मासात खात नाही. तिचं कसं होणार?

उत्तर : मांस-मासे नकोत एवढं सांगून भागत नाही. सुकवून किसलेल्या बोनिटो माशाचं ‘दाशी’ हे पाणी बहुतेक सगळ्यांत असतं. सूपमध्ये, नूडल्सच्या रस्यात, तेंपुराच्या चटणीतही. समोरचा स्वयंपाकी ते माशात धरत नाही, म्हणून ‘दाशी नको’ हे वेगळं सांगावं लागतं. कोंबू या समुद्री वनस्पतीचं दाशी चालतं. बौद्ध मठांतलं ‘शोजिन र्योरी’ हे जेवण पूर्ण शाकाहारी, आणि त्यात कांदा-लसूणही नाही. कोयासान डोंगरावरच्या मठांत राहून ते खाता येतं. आईंना चातुर्मासाबाहेरही तिथे चातुर्मास भेटेल.

एरवीचं सांगायचं तर छोट्या दुकानांत गरम करून खायचा पॅकबंद भात मिळतो. घरून मेतकूट न्या. टोकियोच्या एदोगावा भागात निशी-कासाई ही भारतीयांची वस्ती आहे. तिथे डाळ-भाताची चिंता नाही. याच एदोगावातून मराठी माणूस योगेंद्र पुराणिक २०१९ साली स्थानिक प्रतिनिधी म्हणून निवडून आले होते. ताजी फळं मात्र नेऊ नका. सीझन असला तरी हापूसची पेटी विमानतळावरच थांबेल.

प्रश्न : आजी आणि नातवंडं दोघांना रमेल असं टोकियोत काय?

उत्तर : उएनो. एकाच बागेत १८८२ पासूनचं प्राणिसंग्रहालय, विज्ञान संग्रहालय आणि शिनोबाझू तळ्यातल्या बेटावर बेंझाइतेनचं देऊळ. बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती. ती बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोचली. असाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन नावाच्या टेकडीवरच्या देवळातले कांगितेन म्हणजे गणपती. मूर्ती दर्शनाला ठेवत नाहीत आणि नैवेद्य मोदकांचा नाही, मुळ्याचा असतो. देवळाच्या कोरीव कामात ठिकठिकाणी मुळे सापडतात, ते मुलांना मोजायला लावा. पुढे नाराला गेलात, तर तोदाइजी मठातल्या प्रचंड बुद्धमूर्तीचे डोळे ७५२ साली बोधिसेन या भारतीय भिक्षूनं उघडले होते, हे आईंना सांगा. तिथली हरणं वाकून खाऊ मागतात आणि न दिल्यास चावतात, हे धाकट्याला सांगा.

प्रश्न : गर्दीत मूल हरवलं तर? आम्हाला जपानी येत नाही.

उत्तर : हॉटेलचं नाव-पत्ता जपानीत छापलेलं कार्ड काउंटरवर मिळतं. ते प्रत्येक मुलाच्या खिशात ठेवा, आईंच्याही. मागे आपला फोन नंबर भारताच्या कोडसह लिहा. जवळपास प्रत्येक मोठ्या स्टेशनाबाहेर ‘कोबान’ म्हणजे पोलीस चौकी असते. पहिल्याच दिवशी मुलांना ती दाखवून ठेवा आणि बजावा, की आम्ही दिसलो नाही तर इकडेतिकडे शोधत फिरायचं नाही, गणवेशातल्या माणसाच्या हातात कार्ड द्यायचं. तिथली सहा-सात वर्षांची मुलं एकटी शाळेत जातात, त्यामुळे एकटं मूल पाहून लगेच कुणी हटकेल असं धरू नका. तुमच्या मुलानं स्वतः विचारायला हवं.