कोरडे तोंड आणि दातांचे रक्षण

राखण सुटली की उंची धान्यासही कीड लागते, हे व्यापारी बंधूंस आम्ही सांगावयास नको. दातांची राखण लाळ करते. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती अन्नकण धुऊन नेते, आम्लता मारते व दातांच्या कवचाची झीज आपल्यातील क्षारांनी भरून काढते. ती आटली म्हणजे दात हिरडीलगत किडू लागतात, कवळी टोचते आणि तोंडात बुरशी धरते.

हा धडा आम्ही दोन दाढा गमावून शिकलो. तोंडास कोरड पडू लागली तेव्हा आम्ही वखारीतील धुळीस दोष दिला व गादीवर बसून दिवसभर खडीसाखर चघळीत राहिलो. किडीस याहून चांगला खुराक नाही! दंतवैद्यांचा पहिला प्रश्न होता, ''औषधे कोणती घेता?'' रक्तदाब, ॲलर्जी, मनाची उदासीनता यांवरील कित्येक औषधांनी लाळ कमी होते. मधुमेहाने व डोक्या-मानेवरील किरणोपचारानेही होते. तथापि गोळी आपल्या मनाने बंद करू नये. सर्व औषधांची यादी दंतवैद्य व डॉक्टर या दोघांपुढेही ठेवावी. औषध किंवा मात्रा बदलणे शक्य असल्यास ते पाहतील.

दिवसा पाणी घोट-घोट प्यावे. साखर, लिंबाच्या गोळ्या, तंबाखू व सुपारी वर्ज्य करावी. चघळावयाचेच तर बिनसाखरेची गोळी चघळावी. फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन वेळा दात घासावे, फेस थुंकावा, पण भरपूर चुळा भरून औषध धुऊन टाकू नये. दंतवैद्य सांगतील त्या मुदतीने दात तपासून घ्यावे.

झोपेत लाळ सर्वांत कमी सुटते. म्हणून रात्री दातांत राहिलेले अन्न अधिक घातक. रात्रिभोजनत्यागाचा येथे लाभच आहे, मात्र चौविहार करणाऱ्यांनी सायंभोजनानंतर सूर्यास्तापूर्वीच दात स्वच्छ करावे. ज्यांना कोरडीमुळे रात्री झोपही लागत नाही, त्यांनी त्रास लपवून सोसू नये. डॉक्टरांचा सल्ला घेऊन गुरुमहाराजांपुढे अडचण मांडावी. तिविहारात पाण्याची मोकळीक आहे. आम्ही संकोचाने दोन वर्षे विचारले नाही, आणि तेवढ्यात दाढा गेल्या. बंधु-भगिनींनी आमच्या या तोट्यावरून आपला हिशेब वेळीच तपासावा, एवढीच विनंती.