कोकणातील पशुपालन : आधी वैरण, मग जनावर

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणकडे जाणारा रस्ता जेथे फुटतो, ते कुडाळ तालुक्यातील कसाल. भातशेती, जांभ्याचे सडे व चार महिन्यांचा मुसळधार पाऊस हे या परिसराचे स्वरूप. येथे शेतीला जोडधंदा म्हणून कोणते जनावर पाळावे, याचे उत्तर प्रथम हवामानातच शोधावे लागते.

मेंढीला कोरडी हवा मानवते. सततच्या ओलीने तिचे खूर कुजतात व जंतांचा उपद्रव वाढतो. म्हणूनच देशावरील धनगर भातकापणीनंतर कळपांसह कोकणात उतरतात, खतासाठी शेतात मेंढ्या बसवितात आणि पावसाळ्यापूर्वी घाट चढून जातात. सह्याद्रीतील गवळी धनगर मात्र म्हशीच राखीत आले. हा अनुभव डावलून कर्जाने मेंढ्या आणल्यास कळप घटण्याचा व हप्ते मात्र अंगावर राहण्याचा धोका असतो.

कोकण कन्याळ शेळी व कोकण कपिला गाय या येथील उष्ण-दमट हवेत टिकणाऱ्या जाती होत. मात्र कपिला दूध थोडे देते. विक्रीसाठी दूध हवे असल्यास संकरित गाय किंवा म्हैस पाळावी लागते आणि तेथेच वैरणीचा प्रश्न उभा राहतो.

भाताच्या पेंढ्यात प्रथिने अत्यल्प असतात. 100 किलो पेंढ्यावर, 4 किलो युरिया सुमारे 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थराथराने शिंपडावा. ढीग दाबून हवाबंद झाकावा व 21 दिवसांनी पेंढा पसरून, उग्र वास गेल्यावर थोडा थोडा खाऊ घालावा. सहा महिन्यांखालील वासरांना तो देऊ नये. युरियाचे पाणी जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये. बांधावर संकरित नेपियर गवत लावल्यास हिरवा चाराही मिळतो.

वासराला जन्मानंतर दोन तासांच्या आत चीक पाजावा. सकाळी माजावर आलेली गाय सायंकाळी, सायंकाळी आलेली दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावी. विण्यापूर्वी दोन महिने ती आटवावी. घटसर्प व फऱ्या या रोगांच्या लसी पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्याव्यात.

जनावरासाठी अर्ज आला की ग्रामपंचायतीने व अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न वैरणीचा विचारावा. गोठ्यात गाय येण्यापूर्वी बांधावर गवत उभे असेल, तर कर्जाचा हप्ता दुधातून फिटण्याची आशा धरता येते.