पोकलेनचा धूर आणि दहावीनंतरचा फॉर्म

“मशीनची आवड आहे हो त्याला, पण मेकॅनिक होऊ देववत नाही.” करिअर मार्गदर्शनाच्या कार्यक्रमात हे वाक्य या ना त्या शब्दांत ऐकू येतंच. आईला हात काळे होण्याची धास्ती असते, वडिलांना वाशीतल्या घराचे हप्ते आठवतात आणि एखादे आजोबा मधूनच विचारतात, स्थळं यायला लागल्यावर काय सांगायचं? मुलगा गप्प असतो. त्याच्या मोबाइलमध्ये पोकलेनचे व्हिडिओ भरलेले असतात. आज त्या मुलाची बाजू घ्यायची आहे, पण डोळे उघडे ठेवून.

आधी आपल्या आजूबाजूला बघू. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला. वाशीच्या खाडीवर तिसरा पूल उभा राहिला. उलव्याची टेकडी सपाट करून विमानतळ बांधला गेला आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं. ही कामं पोकलेन, डोझर, ग्रेडर, क्रेन, डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर यांच्या जिवावर झाली. एपीएमसीत रोज ट्रकांची रांग लागते, न्हावाशेवा बंदर जवळ आहे, ठाणे-बेलापूर रस्त्यालगत टीटीसी औद्योगिक पट्टा आहे आणि ऐरोली-महापे भागात डेटा सेंटर उभी राहिली आहेत, ज्यांच्या आवारात मोठमोठे जनरेटर वीज जाण्याची वाट बघत असतात. या सगळ्या इंजिनांना दोन कामं समान लागतात: आत जाणारी हवा स्वच्छ ठेवणं आणि बाहेर पडणारा धूर स्वच्छ करणं. त्यातलं दुसरं काम गेल्या काही वर्षांत पार बदललं आहे.

बदल कायद्याने आणला. १ एप्रिल २०२० पासून रस्त्यावरच्या नव्या गाड्यांना बीएस-६ लागू झालं आणि डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं. १ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॉटपर्यंतच्या नव्या जनरेटरना प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कडक निकष आले. चाकांवर चालणाऱ्या बांधकामाच्या नव्या यंत्रांना १ जानेवारी २०२५ पासून पाचव्या टप्प्याचे निकष लागले. त्यात धुरातल्या कणांचं नुसतं वजन बघत नाहीत, कणांची संख्याही मोजतात. परिणाम असा की जिथे पूर्वी सायलेन्सर नावाचा एक पत्र्याचा डबा होता, तिथे आता ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट, काजळी अडवणारा डीपीएफ, युरियाचं द्रावण फवारणारा इंजेक्टर, एससीआर कॅटॅलिस्ट आणि अर्धा डझन सेन्सर आले आहेत. गॅरेजमधल्या जुन्या मिस्त्रीला इंजिन पाठ असतं, पण यातलं बरंचसं त्याच्या उमेदीच्या काळात नव्हतंच. नव्या मुलाला जागा आहे ती इथे.

काम नेमकं काय, ते जरा जवळून बघू, कारण ‘मेकॅनिक’ या शब्दाने पालकांच्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं ते जुनं आहे.

एक लिटर डिझेल पूर्ण जळायला कमीत कमी दहा हजार लिटर हवा लागते, प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. खाणीत किंवा भरावाच्या साइटवर ती हवा म्हणजे धूळच. म्हणून एअर क्लीनरमध्ये दोन फिल्टर असतात, बाहेरचा मोठा आणि आतला लहान सेफ्टी फिल्टर. खाली रबरी वाल्व्ह असतो. तो चिमटीत दाबला की साठलेली धूळ भुरभुर खाली पडते. पडलीच नाही, तर वाल्व्ह चिकटलाय किंवा फाटलाय. साइटवर सर्रास दिसणारी गोष्ट म्हणजे फिल्टर काढायचा, टायरवर आपटायचा आणि कॉम्प्रेसरची फुल हवा मारायची. आपटल्याने कागदाच्या घड्या आणि कडेचं सील जातं. जोराच्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. कंपनीने साफ करायची परवानगी दिली असेल तरच, आणि तीही आतून बाहेर, दोन बारच्या आसपासच्या मंद दाबाने, हवा मारायची असते. सेफ्टी फिल्टरला तर हवा मारायचीच नाही, तो बदलायचा. आणि इंडिकेटरने सांगितल्याशिवाय क्लीनर उघडायचाच कशाला? उघडला की थोडी धूळ आत जातेच.

चांगला टेक्निशियन फिल्टर काढल्यावर आधी टर्बोकडे जाणाऱ्या पाइपच्या आत बोट फिरवतो. बोटाला धूळ लागली, तर फिल्टर कितीही नवा असो, हवा कुठून तरी चोरवाटेने शिरते आहे. क्लिप सैल असेल, होजला चीर असेल, सील नीट बसलेलं नसेल. अशीच तपासणी दुसऱ्या टोकालाही करता येते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवायचं. डीपीएफ शाबूत असेल तर नळी आतून जवळजवळ स्वच्छ असते. काळी कुळकुळीत निघाली, तर आतली सिरॅमिकची जाळी फुटली असावी किंवा कुणीतरी ती काढूनच टाकली असावी.

आता मधलं गणित. समजा, एका पोकलेनचा डीपीएफ महिन्यात तीनदा तुंबला. अर्धवट शिकलेला माणूस प्रत्येक वेळी लॅपटॉप लावतो, जबरदस्तीने रिजन करतो, म्हणजे फिल्टरचं तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांवर नेऊन काजळी जाळतो आणि बिल फाडून जातो. शिकलेला माणूस विचारतो की इतकी काजळी का होतेय? ऑपरेटर एसीसाठी जेवणाच्या सुट्टीत इंजिन चालू ठेवतो का? आपल्याकडच्या मे महिन्यात तो ठेवणारच. पण नुसत्या आयडलवर धूर इतका थंड राहतो की काजळी आपोआप जळत नाही, साठत जाते. रिजन सुरू झालं की ऑपरेटर कामात खोळंबा नको म्हणून बटण दाबून ते थांबवतो का? इंजेक्टर गळतोय का, टर्बोचं सील तेल सोडतंय का, इंजिनात भलतंच ऑइल ओतलंय का? ऑइलमधल्या धातूंच्या क्षारांची राख होते, ती कितीही तापवली तरी जळत नाही. त्यासाठी डीपीएफ खोलून खास यंत्रावरच साफ करावा लागतो. आणि शेवटी परत तोच एअर फिल्टर. तो तुंबला असेल तर हवा कमी, हवा कमी म्हणून काजळी जास्त, काजळी जास्त म्हणून डीपीएफ तुंबलेला. स्वस्तातल्या फिल्टरची कंजुषी महागड्या डीपीएफवर निघते. तेव्हा हवेची बाजू आणि धुराची बाजू हे दोन विषय नाहीतच. ज्याला हे उमगलं त्याला कामाची ददात पडू नये.

युरियाचं प्रकरणही असंच. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी. ड्रायव्हर मंडळी त्याला सरळ ‘युरिया’च म्हणतात. आणि म्हणूनच कुणीतरी शेतीचा युरिया नळाच्या पाण्यात कालवून ओततो. मग सेन्सर तक्रार करतो, इंजिनाची ताकद आपोआप कमी होते आणि मालक ‘कंपनीनेच फसवलं’ म्हणून बोंबलतो. द्रव चांगला असूनही धुराचं तापमान कमी असताना फवारला गेला, तर गिझरच्या नळावर साठतो तसा पांढरा कडक थर एक्झॉस्टच्या पाइपात जमतो. तो खरवडणं सोपं. तो का जमला हे शोधणं हे कौशल्य.

मशीन आता आकड्यांत बोलते. स्क्रीनवर एसपीएन ३२५१ हा कोड आला की डीपीएफच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक, ३३६४ आलं की डीईएफचा दर्जा. पुढचा एफएमआय आकडा बिघाड कुठल्या प्रकारचा ते सांगतो. हे आकडे घोकायचे नाहीत, मॅन्युअलमध्ये शोधायचे असतात आणि मॅन्युअल इंग्रजीत असतं. त्यामुळे, पालकहो, मुलगा मशीनवाला होणार म्हणून त्याचं इंग्रजी वाचन आणि दहावीचं विज्ञान वाऱ्यावर सोडू नका. दाब, तापमान आणि ओहमचा नियम ही इथली रोजची भाजी-भाकरी आहे.

शिक्षणाची वाट तशी सरळ आहे. दहावीनंतर आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे आणि ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ हा दोन वर्षांचा. प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन केंद्रीय प्रक्रियेतून होतो. ठाणे, पनवेल अशा आपल्याला जाऊन-येऊन करता येण्याजोग्या ठिकाणच्या संस्थांत कुठला ट्रेड आहे, ते त्या वर्षीच्या यादीत बघून मगच पसंतीक्रम भरा. दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाण्याची वाट मिळते. एक वर्षाच्या ट्रेडवाल्याने त्या वर्षीचे नियम आधी नीट वाचावेत. नाहीतर दहावीनंतर सरळ मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइलचा तीन वर्षांचा डिप्लोमा. वाशीतच फादर आग्नेल संकुलात पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकी महाविद्यालय दोन्ही आहेत. माझं मत विचाराल तर, टक्के बरे असतील आणि घरची घाई नसेल तर डिप्लोमा. मुलाचं मन पुस्तकात रमत नसेल आणि हात सारखे काहीतरी खोलायला शिवशिवत असतील तर आयटीआय, बिनधास्त. पण आयटीआयवर थांबू नका, त्यानंतरची अप्रेंटिसशिप टाळू नका. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार त्या काळात विद्यावेतन मिळतं. ते फार नसतं. मात्र डीलरच्या वर्कशॉपमध्ये वर्षभर राहून पाचव्या टप्प्याचं इंजिन हाताळायला मिळणं, हे कुठल्याही खासगी ‘सर्टिफिकेट कोर्स’पेक्षा मोलाचं. भरमसाट फी घेऊन तीन महिन्यांत ‘हेवी इक्विपमेंट इंजिनिअर’ बनवणाऱ्या जाहिरातींकडे पाठ फिरवलेली बरी.

नोकऱ्या यंत्र विकणाऱ्या कंपन्यांच्या डीलरांकडे, मोठ्या कंत्राटदारांच्या प्लँट विभागात, जनरेटरची देखभाल करणाऱ्या एजन्सींत आणि मिक्सर चालवणाऱ्या काँक्रीट कंपन्यांत मिळतात. पुण्याचा पट्टा फार लांब नाही. कमिन्स आणि किर्लोस्कर ऑइल इंजिन्स तिथले, फिल्टर बनवणारी फ्लीटगार्डही तिथलीच आणि वाहनांची चाचणी करणारी एआरएआय तर १९६६ पासून पुण्यात आहे. सुरुवातीचा पगार ऐकून आयटीतल्या भाच्याशी तुलना करू नका, हिरमोड होईल. इथे किंमत वाढते ती चार-पाच वर्षांनी, जेव्हा साइटवरून “तोच माणूस पाठवा” असा फोन येऊ लागतो. कोकणातून आखातात जाणाऱ्यांची परंपरा आपल्याला नवी नाही. तिथल्या वाळूत एअर क्लीनर सांभाळणाऱ्याला मागणी असते. फक्त एजंट सरकारकडे नोंदणी झालेला आहे का, हे ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तपासल्याशिवाय पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नका.

आता धास्तीच्या गोष्टी. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली माणसात कर्करोग घडवणाऱ्या गटात टाकलं आहे. यात लपवण्यासारखं काही नाही. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम करायचं नाही, डीपीएफची राख कॉम्प्रेसरने उघड्यावर उडवायची नाही, चांगला मास्क आणि हातमोजे वापरायचे. रिजन चालू असताना एक्झॉस्टजवळ सुकं गवत किंवा ऑइलचे बोळे नकोत. मुलाखतीला गेलेल्या मुलाने वर्कशॉपमधल्या पोरांच्या तोंडावर मास्क आहे का, एवढं बघून घ्यावं. पगाराचा आकडा सगळं सांगत नाही.

दुसरी धास्ती इलेक्ट्रिकची. शहरातली लहान यंत्रं आणि बस विजेवर जातील, जाताहेतच. पण आज विकलं गेलेलं पोकलेन दहा-पंधरा वर्षं राबणार आणि तोवर त्याला फिल्टर लागणारच. तरीही मुलाने हायड्रॉलिक्स आणि वायरिंग सोबत शिकून घ्यावं, एकाच पायावर उभं राहू नये.

तिसरी गोष्ट पालक विचारत नाहीत, पण मुलापुढे ती पहिल्याच वर्षी येते. एखादा मालक म्हणतो, “डीपीएफ पोकळ करून टाक, युरियाचा सेन्सर बायपास कर, वरचे पैसे घे.” नोंदणी झालेल्या वाहनात असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाला धरून नाही. शिवाय वॉरंटी जाते आणि पुढे मशीन बिघडलं की बोट त्या पोराकडेच वळतं. नाही म्हणायची सवय घरातून लागलेली असेल तर इथे उपयोगी पडते.

मुलींबद्दलही कुणी विचारत नाही. निदानाच्या कामात ताकदीपेक्षा चिकाटी लागते आणि जड डबा उचलायला होइस्ट असतो. साइटवरचं स्वच्छतागृह आणि रात्रीचा प्रवास हा खरा प्रश्न. मुलाखतीत तो मोकळेपणाने विचारावा.

फॉर्म भरण्याआधी मुलाला घेऊन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जा. भिंतीवरचे तक्ते बघू नका. उभ्या इंजिनाच्या एक्झॉस्टला काय जोडलंय ते बघा, स्कॅन टूल कपाटात कुलूपबंद आहे की मुलांच्या हातात, ते बघा. मग तिथल्या दोन विद्यार्थ्यांना विचारा: डीपीएफच्या आधी आणि नंतर दाब मोजणाऱ्या दोन नळ्या असतात, त्यातली आधीची तुंबली तर स्क्रीनवर काय दिसेल? आकडा कमी दिसेल, फिल्टर गच्च भरलेला असूनही मशीनला तो रिकामा वाटेल, हे उत्तर कुणी दिलं, किंवा त्यावरून दोघं आपसात वाद घालू लागले, तर पसंतीक्रमात ती संस्था वर टाका.