मोती आणि स्फटिक : पाण्याची दोन रत्ने

स्वाती नक्षत्राच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो, अशी समजूत भारतीय साहित्यात फार जुनी आहे. दुसरीकडे, कधीही न वितळण्याइतके गोठलेले बर्फ म्हणजेच स्फटिक, असे प्राचीन ग्रीक व रोमन लोक मानीत. दोन भिन्न रत्ने, दोन भिन्न संस्कृती. पण दोन्ही ठिकाणी कल्पना पाण्याचीच! विज्ञानाने या कथा बाजूला सारल्या असल्या, तरी पाण्याशी असलेले नाते मात्र कायम ठेवले आहे.

मोत्याचा जन्म

मोती हे खनिज नव्हे; ते जिवंत प्राण्याने घडविलेले रत्न आहे. एखादा परजीवी किंवा इजा यांमुळे शिंपल्यातील प्राण्याच्या प्रावरणाच्या पेशी आतील मांसल भागात शिरतात. तेथे या पेशींची पिशवी तयार होते आणि तिच्यात चकाकणाऱ्या द्रव्याचे थर साचू लागतात. हे थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच्या अतिसूक्ष्म चकत्यांचे असून सेंद्रिय द्रव्याने ते एकमेकांना चिकटलेले असतात. चकत्यांची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीइतकी असल्याने प्रकाश थराथरांतून परावर्तित होतो. ज्याला आपण मोत्याचे ‘पाणी’ म्हणतो, ते यातूनच उत्पन्न होते.

सागरातून पेढीवर

इराणचे आखात आणि भारत व श्रीलंका यांमधील मन्नारचे आखात ही नैसर्गिक मोत्यांची जुनी क्षेत्रे होत. आखाती मोती आपल्याकडे ‘बसऱ्याचे मोती’ म्हणून ओळखले गेले. मोती मुंबईस येत, तेथे त्यांची प्रतवारी होई, वेज पाडले जाई आणि निवडक माल लंडन-पॅरिसला रवाना होई. हैदराबादने मोत्यांना वेज पाडण्याच्या व ओवण्याच्या कलेत नाव मिळविले. महाराष्ट्रात नथ, कुडी, तन्मणी, चिंचपेटी हे मोत्यांचे अलंकार घराघरांत रुजले. पानिपतावरील हानी कळविणारा म्हणून परंपरेने सांगितला जाणारा सांकेतिक निरोप प्रसिद्ध आहे. त्यातही सर्वांत मौल्यवान माणसांना ‘मोती’ म्हटले आहे. मोहरा त्यानंतर येतात. मोत्याचे तत्कालीन मोल यावरून ध्यानी येते.

हे मोल विसाव्या शतकात ढासळले. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये अर्धगोल मोती संवर्धित करून दाखविला. पुढे तात्सुहेई मिसे व तोकिची निशिकावा यांच्या संशोधनातून गोल मोत्याची पद्धत सिद्ध झाली. शिंपल्याच्या कवचापासून केलेला मणी व प्रावरणाचा लहानसा तुकडा प्राण्याच्या शरीरात बसवायचा आणि प्राणी पुन्हा पाण्यात सोडायचा, असे तिचे स्वरूप होते. त्यात १९२९ च्या जागतिक मंदीची भर पडली आणि आखातातील मोत्यांचा व्यवसाय कोलमडला. बहारीनमध्ये १९३२ साली तेल सापडले, तेव्हा पाणबुड्यांच्या पुढच्या पिढीला दुसरी वाट मिळाली. भारतात तुतिकोरिन येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७३ मध्ये संवर्धित मोती तयार करण्यात यश मिळविले. आज बाजारात दिसणारे बहुतेक सर्व मोती संवर्धितच असतात. त्यांत चीनमधील गोड्या पाण्याच्या मोत्यांचा वाटा फार मोठा आहे.

गारगोटीचे घराणे

स्फटिक म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड, अर्थात शेताच्या बांधावर सापडणारी आपली गारगोटी! दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांमध्ये सिलिकायुक्त पाणी झिरपले आणि हजारो वर्षांत तेथे स्फटिक वाढले. शुद्ध स्फटिक रंगहीन असतो. लोहाचा अंश व नैसर्गिक किरणोत्सर्ग यांमुळे तो जांभळा होतो, हाच अॅमेथिस्ट. हा खडा तापविल्यास बहुधा पिवळा होतो. बाजारात सिट्रिन किंवा ‘सुनेला’ म्हणून मिळणारे पुष्कळसे खडे असे तापविलेले असतात. अकीक हाही याच घराण्यातला.

अकीकाच्या मण्यांचे एक फार जुने केंद्र गुजरातेत आहे. लोथल येथील उत्खननात हडप्पाकालीन मण्यांचा कारखाना सापडला आणि जवळच्या खंबायतमध्ये तीच कला आजही चालू आहे. रतनपूर परिसरातील दगड उन्हात वाळवून भट्टीत तापवितात, तेव्हा त्याचा लाल रंग खुलतो. मग जमिनीत रोवलेल्या टोकदार लोखंडी गजावर दगड टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने त्याच्या कपच्या काढतात.

या सौंदर्याची किंमत मात्र कारागीर मोजतो. दगड घासताना उडणारी सिलिकाची धूळ फुफ्फुसात साचून सिलिकोसिस हा रोग होतो. तो बरा करणारे औषध नाही आणि त्याच्या जोडीने क्षयाचाही धोका वाढतो. दगड ओला ठेवून घासणे आणि धूळ शोषणारी यंत्रे बसविणे हे उपाय ठाऊक आहेत. पण घरोघरी चालणाऱ्या लहान उद्योगांपर्यंत ते पुरेसे पोहोचलेले नाहीत. चार-दोनशे रुपयांची माळ गळ्यात घालताना एवढे स्मरण असावे.

ग्राहकाने काय जाणावे

मोती दातांवर हलकेच घासला असता खरखरीत लागला तर तो अस्सल, गुळगुळीत लागला तर काचेचा वा प्लास्टिकचा, ही जुनी परीक्षा बऱ्याच अंशी खरी आहे. परंतु संवर्धित मोतीही खरखरीतच लागतो. नैसर्गिक व संवर्धित यांतील भेद क्ष-किरण तपासणीनेच खात्रीने कळतो. म्हणून ‘बसऱ्याचा’ म्हणून मोठी किंमत देण्यापूर्वी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र अवश्य मागावे. हॉलमार्क केवळ सोन्याच्या शुद्धतेची ग्वाही देतो, त्यातील खड्याची नव्हे.

सोने तारण कर्जाच्या वेळी अनेकांचा हिरमोड होतो तो येथेच. बँक दागिन्यातील मोती व खडे यांचे वजन वगळून निव्वळ सोन्याचे मूल्य धरते. आजीची नथ कितीही मोलाची असली, तरी कर्जाच्या हिशेबात तिचे मोती धरले जात नाहीत.

जतनाचे नियमही दोन्हींसाठी वेगळे आहेत. काठिण्याच्या मोज मापनात स्फटिक ७ वर, तर मोती साधारण २.५ ते ४.५ वर येतो. म्हणजे एकाच डबीत ठेवलेला स्फटिक मोत्यावर ओरखडे काढणारच! अत्तर, घाम, लिंबू यांच्या आम्लानेही मोती निस्तेज होतो. तो सर्वांत शेवटी घालावा, सर्वांत आधी उतरवावा आणि मऊ ओलसर कापडाने पुसून ठेवावा. प्लास्टिकच्या बंद पिशवीऐवजी सुती कापडात गुंडाळावा आणि माळ अधूनमधून पटवेकऱ्याकडून पुन्हा ओवून घ्यावी. जांभळा खडा दीर्घकाळ उन्हात राहिल्यास फिका पडू शकतो.

लॉकरमध्ये ठेवलेल्या दागिन्यांची यादी, छायाचित्रे व प्रमाणपत्रे घरी वेगळी जपावीत. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याचा अपहार अशा प्रसंगी बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. त्याहून मोलाच्या अलंकारांचा स्वतंत्र विमा उतरविणे शहाणपणाचे ठरेल.

आणि वर्षातून एकदोनदा तरी ते मोती बाहेर काढून अंगावर घालावेत. अलंकार कुलूपबंद असताना सुरक्षित असतो, हे खरे. पण त्याची शोभा मात्र अंगावरच असते.