शेंगाचटणीत प्रथिने आहेत का?

प्रश्न : शेंगाचटणीतली प्रथिने ओळखायला बाययुरेट चाचणी केली, पण प्रथिने दाखवणारा जांभळा रंग आला नाही. असे का? – एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : शेंगदाण्याच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा प्रथिनेच असतात. पण आपल्या सोलापुरी चटणीतले लाल तिखट फिकट जांभळा रंग झाकून टाकते. शिवाय दाणे भाजल्यावर त्यांतली प्रथिने पाण्यात कमी उतरतात. म्हणून कच्चे दाणे कुटून पाण्यात ढवळा, गाळा. त्या 2 मिलि पाण्यात तेवढेच 10 टक्के सोडियम हायड्रॉक्साइड आणि 1 टक्का मोरचुदाच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब घाला. थेंब जास्त पडले तर सगळे निळेच दिसेल. तापवायचे नाही.

चटणीबरोबर ज्वारीच्या भाकरीतले पिष्टही तपासायचे असेल, तर आयोडीन टाकताना भाकरी गार हवी. गरम पिष्टावर काळा-निळा रंग टिकत नाही.

हायड्रॉक्साइडने कातडी भाजते. चष्मा घालून, शिक्षकांसमोरच प्रयोग करा.