शरद ऋतूतील पाहुणे पक्षी व वऱ्हाडातील पिके

पावसाळा सरून आश्विन लागला की अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या शिवारांत उत्तरेकडील थंड प्रदेशांतून आलेले अनेक पक्षी दिसू लागतात. तिकडे हिवाळ्यात भक्ष्य दुर्मिळ होते. म्हणून हे पक्षी हजारो किलोमीटरचा प्रवास करून येतात व उन्हाळ्याच्या सुमारास परत जातात. त्यांपैकी रानबदकांसारखे काही कापशी व काटेपूर्णा यांसारख्या जलाशयांवर उतरतात. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे, ते शेतात व गवताळ रानात राहणारे पक्षी होत. त्यांपैकी उपकारक कोण, अपायकारक कोण आणि तेही कोणत्या काळात, हे ओळखता आले नाही, तर नुकसान टाळण्याच्या भरात आपण आपल्याच मदतनिसांचा नाश करून बसतो.

पाहुण्यांची ओळख

(१) भोरडी : हा पक्षी साळुंकीएवढा असतो. अंग फिकट गुलाबी. डोके, पंख व शेपटी काळी. लहान वयाचे पक्षी मातकट दिसतात. भोरड्या सर्वांआधी, श्रावण-भाद्रपदातच येऊ लागतात व मोठमोठ्या थव्यांनी वावरतात.

(२) भोवत्या : घारीहून सडपातळ, लांब पंखांचा हा शिकारी पक्षी पिकावरून अगदी खालून तरंगत जाताना दिसतो. नाकतोडे, उंदीर, सरडे व लहान पक्षी हे त्याचे भक्ष्य. रात्री तो झाडावर न बसता उंच गवतात, जमिनीवर, समूहाने मुक्काम करतो.

(३) धोबी व गप्पीदास : शेपटी सतत खालीवर हलविणारा धोबी ओलिताच्या शेतात व वखरामागे किडे टिपीत फिरतो. गप्पीदास धुऱ्यावरील काटक्यांवर किंवा पिकाच्या शेंड्यावर बसून खाली उतरतो व किडा उचलून पुन्हा जागेवर येतो. या दोघांपासून पिकास उपद्रव नाही.

भोरडीचा जमाखर्च

ज्वारीचा दाणा चिकात भरू लागला की भोरड्यांचे थवे कणसांवर तुटून पडतात, ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही पाहावयास हवी. इतर दिवसांत हाच पक्षी नाकतोडे व अळ्या फस्त करीत असतो. मध्य आशियातील गवताळ प्रदेशांत त्याची वीण टोळांच्या विपुलतेवर अवलंबून असते. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून या पक्ष्याला घरटी करण्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग व घरकुले उभारण्यात आली आहेत. मे २०२० मध्ये मोर्शी-वरूड भागात उतरलेली टोळधाड ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या कामाचे मोल वेगळे सांगावयास नको. शिवाय फाल्गुनात पळस व सावरीच्या फुलांतील मध पिताना भोरडीकडून परागीकरण घडते. सारांश, भोरडीचा उपद्रव पिकाच्या एका ठराविक अवस्थेपुरता असतो. उपाय तेवढ्याच काळापुरता योजावा.

विषाचा धडा

विषप्रयोगाचा परिणाम कोठवर जातो, याचे उदाहरण अर्जेंटिनात घडले. उत्तर अमेरिकेतून तेथे हिवाळ्यासाठी येणारे स्वेन्सन जातीचे बाज शेतांतील नाकतोडे खातात. १९९५-९६ च्या हंगामात नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारले गेले आणि सुमारे ५,००० बाज मेलेले आढळले. एकूण मृत्यूंचा अंदाज २०,००० पर्यंत गेला. नाकतोडे मारण्यासाठी नाकतोडे खाणाराच मारला गेला. आपल्या भोवत्याचे व भोरडीचे भक्ष्यही तेच आहे, हे ध्यानात घ्यावे. माणूसही या धोक्याबाहेर नाही. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के द्रावणावर केंद्र शासनाने २०२३ मध्ये बंदीचा आदेश काढला आहे. जुनी बाटली घरी पडून असल्यास ती वापरू नये.

काय करावे

१. एका शिवारातील ज्वारीची पेरणी शक्यतो एकाच सुमारास करावी. मागेपुढे निसवणाऱ्या एखाद्या एकट्या शेतावर सारा थवा येतो.

२. दाणा चिकात आल्यापासून तो टणक होईपर्यंत सकाळी व सायंकाळी मचाणावरून राखण करावी. डबे वाजवावे, गोफण फिरवावी, चकाकणाऱ्या फिती बांधाव्या. दाण्यांना विष लावू नये. पक्षी मारणे वा जाळ्यात धरणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे.

३. हरभऱ्यात हेक्टरी सुमारे २० पक्षी-थांबे उभे करावे. बांबूवर आडवी काठी बांधली म्हणजे थांबा तयार होतो. त्यावर कोतवाल व साळुंकी बसून घाटेअळी टिपतात. दाणे भरणाऱ्या ज्वारीत मात्र असे थांबे ठेवू नयेत.

४. ई-क्लास जमिनीवरील गवत पेटवू देऊ नये. सर्व गवत एकदम न कापता उंच गवताचा काही पट्टा माघ-फाल्गुनापर्यंत राखावा. भोवत्याचा मुक्काम तेथेच असतो.

नोंदवही ठेवावी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात एक साधी वही ठेवावी. पक्ष्याचे नाव, तारीख, वेळ, अंदाजे संख्या, पीक व त्याची अवस्था, आणि पक्षी काय खात होता, एवढे लिहिले तरी पुरे. थवा मोठा असल्यास आधी दहा पक्षी मोजून तेवढ्या जागेच्या मानाने एकूण अंदाज करावा. चोचीत दाणा होता की किडा, हे प्रत्यक्ष पाहूनच लिहावे. ऐकीव गोष्ट लिहू नये. अशी वही तीन-चार वर्षे चालली म्हणजे आपल्या गावी भोरडी केव्हा येते व त्या वेळी ज्वारी कोणत्या अवस्थेत असते, हे कळून येईल. पेरणीची तारीख व राखणीचे दिवस त्यावरून ठरविता येतील, आणि शेतकऱ्याचे धान्य व शेतातील मदतनीस दोन्ही वाचतील.