बॅकअपच्या हार्ड डिस्क किती वर्षे सांभाळायच्या?

प्रश्न : सातारा एमआयडीसीत आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. अकाउंटंट रोज संध्याकाळी हिशेबाचा बॅकअप हार्ड डिस्कवर घेतात. 2014 पासूनच्या डिस्क कपाटात आहेत. सॉफ्टवेअर फार संथ चालते, म्हणून जुनी वर्षे त्यातून काढून टाकावीत म्हणतो, बॅकअप आहेच. चालेल का?
— एक संचालक, सातारा

उत्तर : निव्वळ बॅकअपच्या भरवशावर काढू नका. कंपनी कायद्याच्या कलम 128 प्रमाणे मागच्या आठ आर्थिक वर्षांची पुस्तके व्हाउचरांसकट ठेवावी लागतात. जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने. अपील चालू असेल तर निकालानंतर आणखी किमान एक वर्ष. या मुदती नोंदींच्या आहेत. बॅकअप असतो तो सर्व्हर बसला किंवा आग लागली तर काम पुन्हा सुरू करण्यापुरता. रोजच्या प्रती महिना-दोन महिन्यांनी पुसून डिस्क पुन्हा वापरायला हरकत नाही. पण ताळेबंद झाला की त्या वर्षाची एक पूर्ण प्रत, 1 एप्रिल 2023 पासूनच्या एडिट लॉगसह, वेगळी काढून तिच्यावर वर्ष आणि नष्ट करण्याची तारीख घाला. अशी प्रत हाताशी असेल तर जुनी वर्षे चालू सॉफ्टवेअरमधून खुशाल हलवा.

2022 च्या दुरुस्तीपासून इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप रोज, भारतातल्याच सर्व्हरवर असावा लागतो. कपाटातली डिस्क म्हणजे सर्व्हर, असा युक्तिवाद मी तरी करणार नाही.

जुन्या डिस्क ‘असू देत’ म्हणून ठेवणे मला धोक्याचे वाटते. त्यांत सोडून गेलेल्या कामगारांचे आधार आणि बँक खाते क्रमांक असणार. काम संपल्यावर वैयक्तिक माहिती पुसावी, हे 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याचे सूत्र आहे. संगणकावरून पुसलेली माहिती डिस्कवर जिवंत असेल तर ती पुसली असे म्हणता येत नाही. मुदत संपलेल्या डिस्क फोडून टाका, आणि कोणती, कधी, कोणाच्या सहीने, याची नोंद ठेवा. मात्र एखादी नोटीस आली असेल किंवा दावा चालू असेल, तर त्याच्याशी संबंधित एकही प्रत हलवू नका. पुरावा न्यायालयापुढे येऊ नये म्हणून नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे.

या आठवड्यात 2018-19 ची डिस्क दुसऱ्या संगणकावर लावून खरेदीचे खाते उघडते का पाहा. जुन्या आवृत्तीचे सॉफ्टवेअर नाही, पासवर्ड आधीच्या अकाउंटंटकडे होता, या सबबी अधिकाऱ्यासमोर चालत नाहीत.